सोलर बसवला, झडप राहिली

एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर सर्वांत जोमाने काम करतो आणि नेमके तेव्हाच घरात गरम पाणी फारसे कुणाला नको असते. हीटरची क्षमता ठरते ती डिसेंबर-जानेवारीच्या गरजेवरून. उन्हाळ्यात ऊन कडक, नळाचे पाणी मुळातच कोमट आणि वापर कमी. त्यात सुट्टीमुळे घर आठ दिवस बंद राहिले, तर टाकीतले पाणी ८० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकते.

गिझर बटण दाबून बंद करता येतो. सोलरला बटण नसते. त्याच्या काचेच्या नळ्या दुपदरी असतात आणि दोन पदरांमध्ये थर्मासप्रमाणे निर्वात पोकळी असते. टाकीलाही जाड उष्णतारोधक आवरण असते. आत आलेली उष्णता सहज बाहेर पडत नाही, म्हणून दिवसागणिक ती साठत जाते.

याचा फटका बसतो न्हाणीघरात. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची त्वचाही सुमारे ५ सेकंदांत गंभीर भाजू शकते. लहान मुलांची आणि वृद्धांची त्वचा पातळ असल्याने त्यांना एवढाही वेळ लागत नाही. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना तर चटका उशिरा कळतो. शिवाय नळ फसवतो. सुरुवातीला पाइपात साचलेले गार पाणी येते, म्हणून तो सोडून ठेवला जातो आणि मग एकदम कढत धार सुरू होते.

यावर उपाय आहे, पण तो बहुतेक घरांत दिसत नाही. टाकीतून येणाऱ्या पाइपवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवला, तर तो गरम पाण्यात हवे तेवढे गार पाणी मिसळून ४५ अंशांच्या आसपासचेच पाणी पुढे सोडतो. चांगल्या प्रतीचा व्हॉल्व्ह गार पाणी थांबल्यास गरम पाण्याची वाटही बंद करतो. त्यासाठी जास्तीचे काही हजार रुपये लागतात आणि क्षार असलेल्या पाण्यात तो अधूनमधून साफ करावा लागतो. हा खर्च टाळण्यासाठी विक्रेता त्याचा विषय काढत नाही आणि ग्राहकाला ते विचारायचे सुचत नाही. पुण्यासारख्या शहरांत सोलरसाठी मिळकतकरात सवलत मिळते. त्या सवलतीला या झडपेची अट जोडली, तर वीजबचतीसोबत सुरक्षितताही घरात येईल.

दरम्यान घरच्यांनी गच्चीवर एक फेरी मारावी. उन्हाळ्यात निम्म्या नळ्या जाड कापडाने किंवा शेडनेटने झाकाव्यात; गावाला जाताना सगळ्याच. टाकीवरचा हवेचा उभा पाइप कधीही बंद करू नये. त्यातून वाफ गेली नाही, तर टाकी फुटू शकते. पाणीकपातीत टाकी रिकामी झाली, तर नळ्या कोरड्याच तापतात. अशा वेळी भर दुपारी गार पाणी सोडल्यास काच तडकते. ते सूर्य मावळून नळ्या निवल्यावर किंवा पहाटे भरावे. जास्त तापलेले पाणी गटारात सोडून देणे हा टंचाईच्या दिवसांत उपाय होऊच शकत नाही.

आणि बादलीचा नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा : आधी गार पाणी, मग गरम, आणि हात घालून पाहिल्याशिवाय मुलाला जवळ येऊ द्यायचे नाही. तरीही भाजलेच, तर तो भाग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये. फोड मोठे असतील, चेहरा किंवा हात भाजले असतील किंवा मूल लहान असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

सूर्याची ऊर्जा फुकट मिळते, पण ती सांभाळून वापरण्याची सोय विकत घ्यावी लागते. हीटर घेतानाच ती मागून घेतलेली बरी.