नळी जपणारे हात

बातिना किनाऱ्यावरील खाबुऱ्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना सोहार व मस्कतच्या मोठ्या इस्पितळांची वाट अपरिचित नाही. अपघातात डोक्याला जबर मार लागला किंवा श्वासयंत्रावर दीर्घकाळ राहावे लागले, म्हणजे पुष्कळदा रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवितात. हीच ट्रॅकिऑस्टॉमी. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. खरी कसोटी मात्र त्यानंतरच्या शुश्रूषेची असते.

ही नळी कफाने बुजते, कूस बदलताना निसटते आणि काही मिनिटांत प्राणावर बेतते. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, अतिदक्षता विभागांतील श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांमागे निसटलेली नळी हे प्रमुख कारण आढळले. उपाय महागडे नाहीत. आतली नळी वेळोवेळी स्वच्छ करावी, आत जाणारी हवा दमट ठेवावी, चालू स्थितीतील सक्शन यंत्र आणि त्याच मापाची एक व त्याहून लहान एक अशा दोन नळ्या उशाशी असाव्यात, नळीचे माप व तारीख खाटेवरील फलकावर लिहावी.

नळीभोवतीचा फुगा फुगलेला असताना हवा स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. शुद्धीवर असलेला माणूस मुका होतो. बोलता येण्यासाठी नळीवर बसविण्याची एक प्रसिद्ध झडप डेव्हिड मुइर या अमेरिकन तरुणाने १९८०च्या दशकात घडविली. तो स्वतःच असा रुग्ण होता! मात्र फुगा पूर्ण रिकामा केल्याविना झडप लावणे प्राणघातक ठरते. रुग्णाची अडचण रुग्णालाच अधिक कळते, म्हणूनच २०१२ साली स्थापन झालेल्या ग्लोबल ट्रॅकिऑस्टॉमी कोलॅबोरेटिव्हने डॉक्टर-परिचारिकांच्या बरोबरीने रुग्ण व कुटुंबीयांना स्थान दिले.

पण ज्याचे कुटुंब विदर्भात वा मराठवाड्यात आहे, त्या एकट्या कामगाराचे काय? त्याला अरबी येत नाही, इंग्रजी येत नाही, आणि आवाजही उरलेला नाही. कोणीही विचारपूस न केलेल्या आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः स्नान घातले, ही कथा आपण मुलांना सांगतो. तिचे आचरण येथे व्हावे.

आपल्यातील परिचारिका-भगिनींनी वेदना, तहान, श्वास कोंडणे दर्शविणारा मराठी चित्रफलक तयार करावा. इस्पितळाच्या अनुमतीने दोन कुटुंबांनी आळीपाळीने अशा रुग्णाजवळ बसावे. तो मायदेशी परतण्यापूर्वी सक्शन कसे करावे व वीज गेल्यास काय करावे, हे त्याच्या नातेवाइकांना मराठीतून शिकविले जाईल, असा आग्रह धरावा. त्याशिवाय त्याला विमानात बसविणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय.