चौकटीत मावणारा विचार

वर्तमानपत्रातली चित्रमालिका म्हणजे चहाचा कप रिकामा होईपर्यंतची करमणूक, असा समज आपल्याकडे रूढ आहे. आमच्या मते मोजक्या चौकटींची मर्यादा विचाराला नेमकेपणा देते. तैवानचे चित्रकार त्साई चिह-चुंग यांनी १९८० च्या दशकात च्वांग-त्सू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचे विचार चित्रमालिकांतून मांडले आणि ते सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवले. यात मूळ ग्रंथाची खोली हरवते, असा आक्षेप घेतला जातो. काही छटा निसटतात हे खरे; पण च्वांग-त्सूच्या नावाचा ग्रंथ मुळातच छोट्या गोष्टींनी आणि संवादांनी भरलेला आहे. त्यातला बल्लव बैल कापताना सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून सुरी फिरवतो. म्हणून १९ वर्षांनंतरही तिची धार टिकून असते. त्याने हे सांगितल्यावर ऐकणाऱ्या राजाला जगण्याची रीत उमगते.

कामाशी असे एकरूप होणे आजच्या नोकरदाराला का जमत नाही, याचे उत्तर स्कॉट अ‍ॅडम्स यांच्या १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘डिल्बर्ट’ या चित्रमालिकेत सापडते. तिथे जाणकाराचे कौशल्य बैठका आणि अडाणी वरिष्ठ यांच्याखाली दबून जाते. याउलट, बिल वॉटरसन यांनी ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ या आपल्या चित्रमालिकेवरच्या खेळण्या-बाहुल्यांच्या व्यापाराला नकार दिला आणि १९९५ मध्ये, लोकप्रियता टिकून असतानाच, मालिका थांबवली. कामाचे मोल विक्रीपलीकडे असते, हे त्यांनी कृतीने दाखवले. चित्रमालिका वाचून कोणी तत्त्वज्ञ होणार नाही, हे मान्य. पण प्रश्न पडणे ही तत्त्वज्ञानाची पहिली पायरी असेल, तर शाळांनी आणि ग्रंथालयांनी चित्रमालिकांना हक्काची जागा द्यायलाच हवी.