धातूच्या भुकटीत आपला वाटा कोणता?

विक्रोळीचे नाव रॉकेटच्या धंद्यात आदराने घेतले जाते. इस्रोची ‘विकास’ इंजिने येथील गोदरेजच्या कारखान्याने वर्षानुवर्षे बनवली. अशा कामात वेल्डर, टर्नर आणि फिटर यांच्या हुन्नरीला मोल असते. म्हणूनच 9 मे 2024 रोजी तामिळनाडूत महेंद्रगिरीला झालेल्या चाचणीकडे आपल्या कारागिरांनी लक्ष द्यावे.

त्या दिवशी इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे नवे इंजिन 665 सेकंद चालवून पाहिले. बंगळूरच्या विप्रो थ्रीडीने ते धातूच्या भुकटीचे थर लेझरने वितळवून बनवले होते. पूर्वीच्या 14 भागांचा एकच भाग झाला, वेल्डिंगचे 19 जोड गेले. जेथे 565 किलो फोर्जिंग व पत्रा लागे, तेथे 13.7 किलो भुकटी पुरली. 19 जोड गेले म्हणजे काय झाले, हे वेल्डरला समजावून सांगावे लागत नाही.

ही भुकटी कानस मारून पडणारा चुरा नव्हे. धातू भट्टीत वितळवून त्याची बारीक धार खाली सोडतात. तिच्यावर चहूबाजूंनी आर्गॉन किंवा नायट्रोजन वायूचा जोरदार मारा करतात. धारेचे थेंब उडतात आणि उंच टाकीत पडता पडता गोल दाणे होऊन थिजतात. मग ते चाळतात. लेझर यंत्राला साधारण 15 ते 45 मायक्रॉनचा दाणा लागतो. आपला केस त्याहून जाड असतो. दाणा गोल असला तरच भुकटी सारखी पसरते. पाण्याच्या माऱ्याने केलेली भुकटी स्वस्त पडते, पण दाणा वेडावाकडा होतो. ती दाबून भाजलेल्या बुश, गिअरसारख्या भागांना चालते.

असा मनोरा उभारणे गाळेवाल्याच्या ऐपतीतले काम नाही. कर्ज काढून त्यामागे कोणी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपला वाटा या धंद्याच्या दोन्ही टोकांना आहे.

पहिले टोक कच्च्या मालाचे. भुकटी बनवणाऱ्याला नेमक्या ग्रेडचा धातू हवा. 304 आणि 316 स्टेनलेस चुंबकाने वेगळे ओळखता येत नाही. 316 मधील मॉलिब्डेनम तपासणीतच कळते. कुर्ला-साकीनाक्याच्या भंगारवाल्यांनी भेसळ टाळून, स्पेक्ट्रो रिपोर्टसह माल वेगळा ठेवला, तर चोख माल मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे तो ठेवता येईल. येथे शब्दाला जागणे हेच भांडवल आहे.

दुसरे टोक छापलेल्या भागाचे. यंत्रातून निघालेला भाग तयार नसतो. तो प्लेटवरून वायरकटने कापावा लागतो, आधार काढावे लागतात, आटे पाडावे लागतात, माप आणावे लागते. हे काम आपल्या हातांना येते. फक्त नकाशा आणि मायक्रोमीटर यांची सवय पक्की हवी.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगावी. ॲल्युमिनियम व टायटॅनियमची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली, तर स्फोट होतो. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकाच ग्राइंडरवर घासू नये. धूळ हवेच्या पाइपने उडवू नये.

उस्तादांनी आपल्या शागिर्दांना वेल्डिंगबरोबर वायरकट आणि मोजमापही शिकवावे. हाताखालचे काम बदलत असताना हात रिकामे राहू नयेत, एवढीच विनंती.