कर नाही त्यालाही डर असते

काही म्हणी इतक्या गुळगुळीत झालेल्या असतात की त्या कुणी उच्चारल्या की समोरच्याने फक्त मान डोलवायची. 'कर नाही त्याला डर कशाला' ही त्यातलीच एक. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्यात पैसे घेऊन सरकारी नोकरी देतो म्हणून गंडवल्याची प्रकरणे बाहेर पडू लागली, ठिकठिकाणच्या पोलिस ठाण्यांत तक्रारींवर तक्रारी नोंद झाल्या, आणि तेव्हापासून ही म्हण मी कचेरीत, कदंबच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत किती वेळा ऐकली त्याला गणती नाही. तिच्या आधीचे वाक्यही ठरलेले. 'भरतीच्या वेळी सगळ्यांना त्या खोटे पकडणाऱ्या यंत्रावर बसवा. कोण पैसे देऊन आला ते लगेच कळेल. कर नाही त्याला डर कशाला?'

बोलणारी माणसे वाईट नव्हेत. चिडलेली आहेत, आणि चिडायला कारण आहे. घरातला मुलगा पदवी घेऊन चार-पाच वर्षे घरी बसलेला आणि शेजारचा कुणीतरी 'लागलेला', हे ज्याच्या घरात घडले त्याला यंत्रच काय, फटके सुद्धा कमी वाटतील. पण मी सरकारी कारकून माणूस, आयुष्य अर्ज तपासण्यात गेले. म्हणून विचारतो, ते यंत्र नक्की काय मोजते ते तरी आपल्याला ठाऊक आहे का?

ते खोटे मोजत नाही. खोटे मोजणारे यंत्र जगात अजून कुणी बनवलेले नाही. पॉलिग्राफ म्हणजे छातीला आणि पोटाला श्वास टिपणारे पट्टे, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटांना घाम टिपणाऱ्या पट्ट्या. श्वास, नाडी, रक्तदाब, घाम एवढेच कागदावर किंवा पडद्यावर उमटते. १९२१ च्या सुमारास अमेरिकेत बर्कली येथे जॉन लार्सन नावाच्या पोलिसाने याचा पहिला चालता नमुना केला. आजचे यंत्र संगणकाला जोडलेले असते इतकाच काय तो मोठा फरक. त्या रेषा वर गेल्या म्हणजे माणूस खोटे बोलला, असे यंत्र सांगत नाही, यंत्रापाशी बसलेला माणूस सांगतो. यंत्राला दिसते ती फक्त डर. म्हणजे गंमत पाहा, जी म्हण यंत्राच्या बाजूने सांगितली जाते तिच्यावरच त्या यंत्राचा सगळा डोलारा उभा आहे. कर नसलेल्यालाही डर असते हे एकदा मान्य केले की यंत्राचे काम संपले.

आणि कर नसलेल्याला डर नसते असे कोण म्हणतो? पेडण्याहून सकाळी कदंब पकडून म्हापसा, म्हापशाहून दुसरी बस धरून पणजी, जून महिना, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सर्टिफिकिटे, आणि घरून निघताना आईने देवाला लावलेला नारळ. अशा मुलाच्या बोटांना घाम येणार नाही तर काय येणार! उलट जो खरोखरच पैसे मोजून आला आहे त्याला आपली जागा पक्की आहे हे माहीत असते. त्याची नाडी संथ चालेल.

हे नुसते माझे तर्कट नव्हे. ऑल्ड्रिच एम्स हा अमेरिकेच्या सीआयएचा अधिकारी १९८५ पासून रशियनांना गुपिते विकत होता. त्याच्यामुळे माणसे मारली गेली. मधल्या काळात १९८६ आणि १९९१ अशी दोनदा त्याची पॉलिग्राफ चाचणी झाली आणि दोन्ही वेळा तो सुटला. १९९४ मध्ये पकडला गेला तो त्याच्या खर्चावरून, बँक खात्यावरून. पगार तेवढाच आणि घर मात्र रोख पैशाने घेतलेले! आपल्याकडचा तलाठी सुद्धा हे पाहून दोन प्रश्न विचारील.

जुन्या काळी आपल्याकडे दिव्य करीत. वतनाचा तंटा कागदांनी सुटेना की उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात बांधून मोहोर लावायची आणि काही दिवसांनी फोड आले का ते पाहायचे. त्याला रवादिव्य म्हणत. धर्मशास्त्रात अशी नऊ दिव्ये सांगितली आहेत, त्यात एक तंडुलदिव्य, चोरीच्या संशयासाठी. संशयिताला तांदूळ चावायला द्यायचे आणि थुंकायला लावायचे. भ्यालेल्याच्या तोंडाला कोरड पडते, हे त्यामागचे एक गणित असावे. पॉलिग्राफ म्हणजे वीज जोडलेले तंडुलदिव्य, दुसरे काही नाही. फरक आहे तो एवढाच की निदान तांदूळ चावायला देणारा त्याला विज्ञान म्हणत नव्हता.

आता आकडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संशोधन परिषदेने २००३ साली पॉलिग्राफवर जाडजूड अहवाल दिला. त्यात नोकरदारांच्या सरसकट तपासणीबाबत एक हिशेब मांडला आहे. दहा हजार कर्मचारी धरा, त्यात दहा हेर. यंत्र अशा रीतीने लावले की दहातले आठ हेर पकडले जातील. तर एकूण किती जण 'नापास' होतील? १,६०६! म्हणजे आठ हेरांसाठी १,५९८ निरपराध माणसांवर संशयाचा शिक्का, आणि दोन हेर आरामात आत. एखाद्या गुन्ह्यात चार संशयित असतात, प्रश्न नेमका असतो, 'त्या रात्री तू तिथे होतास का?' नोकरीच्या उमेदवाराला असा प्रश्नच विचारता येत नाही, कारण काही घडलेलेच नसते. मग विचारतात, 'कधी चोरी केलीस का? विश्वास टाकणाऱ्याला कधी फसवलेस का?' लहानपणी शेजाऱ्याचे आंबे पाडले नाहीत असा पोर डिचोली तालुक्यात मला दाखवा.

अमेरिकेने हे ओळखून १९८८ मध्येच कायदा केला आणि बहुतेक खाजगी मालकांना नोकरीसाठी अशी चाचणी घ्यायला बंदी केली. सरकारी खाती, सुरक्षा कंपन्या, नशेच्या वर्गातली औषधे हाताळणारे कारखाने अशा काही पळवाटा ठेवल्या, हेही खरे. ज्या देशाने हे यंत्र जगाला दिले त्याने ते आपल्या दुकानाच्या नोकराला लावायचे नाही असे ठरवले, आणि आपण मात्र ते आता आणायला निघालो आहोत.

आपल्याकडे काय आहे? सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी निकाल दिला. नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ, तिन्ही चाचण्या माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाहीत. घटनेचे कलम २०(३) आणि कलम २१ आड येते. मर्जीने करायची तरी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वे पाळायची, म्हणजे वकील हवा, संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेली हवी, तिचे परिणाम समजावून सांगितलेले हवेत. आणि एवढे करून दिलेली उत्तरे स्वतंत्र पुरावा म्हणून चालत नाहीत. पुण्याच्या डीआरडीओमधल्या शास्त्रज्ञाला २०२३ मध्ये पाकिस्तानला माहिती पुरवल्याच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा तपास यंत्रणेने त्याची पॉलिग्राफ चाचणी मागितली. त्याने संमती दिली नाही आणि न्यायालयाने मागणी फेटाळली.

म्हणजे देशाची गुपिते दिल्याचा आरोप असलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येते. आणि स्टोअरकीपरच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या मुलाला?

माझा एक भाचा पेडण्याचा. बीकॉम झाला, एका खाजगी कंपनीचा फॉर्म घेऊन आला. कंपनीचे नाव घेत नाही. पाच पानी फॉर्म, आणि चौथ्या पानावर बारीक अक्षरांत एक कलम, की व्यवस्थापनाला गरज वाटल्यास पॉलिग्राफ किंवा तत्सम चाचणीस माझी हरकत राहणार नाही, भरतीपूर्वी आणि नोकरीत असताना कधीही. 'मामा, हांगा सय करूं?' त्याने विचारले. मी म्हटले, नको केलीस तर? तो म्हणाला, मग दुसरा करील. या तीन शब्दांत सगळे आले. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम १६ आहे. एका पक्षाची दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालत असेल आणि तिचा गैरफायदा घेतला गेला तर ती संमती खरी नव्हे, असा त्याचा मथितार्थ. बेकार मुलगा आणि नोकरी देणारा यांच्यात हुकमत कुणाची हे सांगायला वकील कशाला हवा? आरोपीच्या संमतीला दंडाधिकारी साक्षी, उमेदवाराच्या संमतीला एचआरची बाई आणि तिचे घड्याळ.

ज्यांनी ही परिस्थिती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली, साखळी, मयेच्या कित्येक घरांतले ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत. नंतर सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद. पेडण्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, त्याच्यासाठी जमिनी गेल्या, आणि नोकऱ्या किती आल्या यावर तिथे आजही वाद ऐकू येतो. अशा तालुक्यांतली मुले कोणत्याही कागदावर सही करतात. त्या सहीला संमती म्हणणे ही थट्टा आहे.

आता कुणी म्हणेल, सराफाच्या पेढीत, कॅसिनोच्या रोकड खिडकीवर, विमानतळावर विश्वासू माणूस नको का? हवाच. विमानतळाच्या आत जायच्या पाससाठी पूर्वचरित्राची पडताळणी होते, ती माणसाने काय केले ते पाहते. गुन्हा नोंद आहे का, पत्ता खरा आहे का, दाखला खरा आहे का. हे कंटाळवाणे काम आहे. विद्यापीठाला पत्र लिहावे लागते, उत्तर येईपर्यंत थांबावे लागते, जुन्या मालकाला फोन करावा लागतो. पण खोटे सापडते ते अशानेच. बंगळूरच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नार्को चाचण्या करून देशभर गाजलेल्या अधिकाऱ्याला २००९ साली सेवेतून काढले, तेही नोकरीसाठी खोटे दाखले दिल्याच्या कारणावरून! तेलगीच्या चाचणीची चित्रफीत टीव्हीवर डोळे फाडून पाहिलेली आपण माणसे, आपल्याला ही बातमी लक्षातही नसेल. दुसऱ्यांच्या डोक्यातले सत्य काढणाऱ्या खात्यातले हे प्रकरण शेवटी उघडकीस आले ते फाइलीमुळे. कारकून म्हणून मला याचा किंचित आनंद झाला हे लपवत नाही.

सरकारी भरतीत तर हे यंत्र म्हणजे रोगाला खतपाणी. पैसे कुठे चारले जातात? जिथे एका माणसाच्या मर्जीवर गुण ठरतात तिथे. म्हणून केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. गोव्यात २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला आणि संगणकावर परीक्षा सुरू झाल्या. आपल्याकडे त्याला विरोध कोणी आणि का केला, त्यात आता जात नाही. मुद्दा हा की मर्जीची खोली मोठ्या मुश्किलीने बंद होते आहे, आणि तुम्ही तिच्या शेजारी दुसरी खोली उघडा म्हणता. तिथे एक माणूस बसणार, रेषा पाहून 'हा खोटा, तो खरा' सांगणार. त्या निकालाची फेरतपासणी नाही, उत्तरपत्रिका नाही, माहिती अधिकारात मागावे तरी काय, घामाचा आलेख? सहा महिन्यांत त्या खोलीचा दर ठरेल. कोणाकडे जायचे हे गावातल्या पंचाला आधी कळेल.

आणखी एक गोष्ट खटकते. नोकरीच्या बाजारात दोन बाजू असतात, विकणारा आणि घेणारा. आपण सत्य कुणाकडून मागतो आहोत? ज्याने आईचे दागिने गहाण टाकून पैसे दिले, त्याच्याकडून. किंवा ज्याने दिलेच नाहीत, त्याच्याकडून. पैसे घेणाऱ्याला यंत्रावर बसवा असे मी पंगतीत एकदाही ऐकले नाही. मीही ते म्हणत नाही, सेल्वीचा निकाल त्यालाही लागू आहे. त्याची बँक खाती पाहा, फोनच्या नोंदी पाहा, जमिनीचे उतारे काढा. एम्सही तसाच सापडला होता.

खाजगी नोकरीसाठी अशी चाचणी घेऊ नये असा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. तो होईल तेव्हा होईल. तोवर एक करता येण्यासारखे आहे. औद्योगिक वसाहतींत सरकारी जमीन आणि सवलती घेऊन बसलेल्या कंपन्यांपैकी किती जणांच्या अर्जात असे कलम आहे, हा प्रश्न पेडणे आणि डिचोलीच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात लेखी विचारावा. उत्तर मजूर खात्याला द्यावे लागेल, त्यासाठी खात्याला फॉर्म मागवून वाचावे लागतील, आणि चौथ्या पानावरचे ते कलम निदान एकदा सभागृहाच्या पटलावर येईल. ज्यांच्या घरी असे फॉर्म आले असतील त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवावी, आणि आपल्या आमदाराच्या कचेरीत नेऊन द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.