लांबलेल्या तारखेने संसार वाचत नाहीत

कौटुंबिक न्यायालयांतल्या अलीकडच्या बदलांवर एक आक्षेप लग्नाच्या पंगतीपासून वकिलांच्या बार रूमपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. सहमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची वाट आता माफ होते, तारखा मोबाइलच्या पडद्यावर होतात, त्यामुळे घटस्फोट सोपा झाला. पूर्वी तारखांवर तारखा पडत, तेवढ्यात राग निवळे आणि घरं वाचत, असं हे म्हणणं. ते मांडणारी माणसं बहुधा चांगल्या हेतूची असतात. वडीलधाऱ्यांनी मोडू पाहणारे संसार सावरताना पाहिलेले असतात. पण मी कौटुंबिक दावे चालवते, आणि मला हे म्हणणं मुळातूनच चुकीचं वाटतं.

आधी सहा महिन्यांचं पाहू. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज करायचा तर पतीपत्नी आधी किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागतात. पुढची सहा महिन्यांची मुदत माफ करता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितलं, पण सरसकट नाही. पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष उलटलेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत, पोटगी, मुलांचा ताबा आणि बाकीचं देणंघेणं मिटलेलं हवं. एवढ्यातून गेलेल्या जोडप्याने घाई केली, असं कोण म्हणेल?

त्या सहा महिन्यांत प्रत्यक्षात काय घडतं, तेही सांगायला हवं. निकाल होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते. १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालापासून हा कायदा आहे. संमतीला हे संरक्षण हवंच. पण मध्ये जितका जास्त काळ, तितकं ज्याला घाई नाही त्याचं पारडं जड. समजा, पहिल्या तारखेला वीस लाख ठरले. चौथ्या महिन्यात निरोप येतो: पंधरा घे, नाहीतर दुसऱ्या तारखेला मी येत नाही. आणि बाई पंधरा घेते, कारण तिला खोलीचं डिपॉझिट भरायचं असतं, मुलाची फी थकलेली असते. मन वळावं म्हणून ठेवलेली मुदत अशी घासाघीस करण्यात जाते.

समेट होतात, हे मी नाकारत नाही. पण माझ्या पाहण्यात ते सुरुवातीला होतात, कागदावर आरोप उतरण्याआधी. दावा आणि त्यावरची कैफियत यांत एकदा बायकोच्या चारित्र्याबद्दल, नवऱ्याच्या आईबद्दल नको नको ते टाइप झालं, की ते वाचल्यावर पुन्हा एका ताटात जेवणारं जोडपं विरळा. आमच्यातले काही वकील अशी पानं मुद्दाम वाढवतात. ते थांबलं पाहिजे. १९७४ मध्ये विधी आयोगाने आपल्या ५९ व्या अहवालात हेच सांगितलं होतं की कौटुंबिक वादात सुनावणी सुरू होण्याआधी समेटाचा प्रयत्न व्हावा. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ मध्ये तो विचार आला, आणि १९८९ मध्ये पुण्यात आणि मुंबईत अशी न्यायालयं सुरू झाली. म्हणजे या न्यायालयाचा जीव समुपदेशकाच्या खोलीत आहे. ज्यांना खरोखर घरं वाचवायची आहेत त्यांनी समुपदेशकांची संख्या वाढावी, त्यांना एकेका जोडप्यासाठी पुरेसा वेळ मिळावा यासाठी आवाज उठवावा.

पडद्यावरच्या तारखांबद्दल थोडक्यात. समुपदेशन आणि मुलांशी बोलणं समोरासमोरच व्हायला हवं, इथे मी टीकाकारांच्या बाजूची आहे. बंद दाराआडची सुनावणी मागण्याचा हक्क कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम ११ देतं. पडद्यापलीकडे खोलीत कोण बसलंय हे कळत नसेल तर त्या हक्काला अर्थ उरत नाही. पण नुसती पुढची तारीख घेण्यासाठी लातूरला माहेरी राहणाऱ्या बाईने रात्रभर प्रवास करून मुंबईत वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात का यावं?

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. बदल खूप झाले म्हणून नव्हे, झालेला सर्वात मोलाचा बदल कागदावरच राहतो म्हणून. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं. उत्तर देणाऱ्याला जास्तीत जास्त चार आठवडे. दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत, टाळाटाळ चालूच राहिली तर त्याचा बचाव रद्द करण्याचा विचार व्हावा, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असंही त्यात आहे. हिंदू विवाह कायद्यात तर अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, अशी तरतूद २००१ पासून आहे. तरीही शपथपत्राला चौथी, पाचवी मुदत मागितली जाते आणि दिली जाते. आलेल्या शपथपत्रात धंद्याचं उत्पन्न ‘अनिश्चित’ असं लिहिलेलं असतं. पोटगी मंजूर झाली तरी वसुलीसाठी वेगळा अर्ज, वेगळी नोटीस, वेगळ्या तारखा. पोटगीच्या फौजदारी तरतुदीखालची थकबाकी असेल तर वर्षाच्या आत अर्ज केला नाही म्हणून त्या रकमेचं वॉरंटही निघत नाही.

तारखा लांबल्या की घरं वाचतात म्हणणाऱ्यांनी हा लांबलेला काळ कोण कसा काढतं, एवढं विचारावं. पोटगीची वाट पाहणारी बाई तो भावाच्या घरी, वहिनीच्या मर्जीवर काढते. तो काळ तिच्या बाजूने कधीच नसतो.

नवा कायदा मागायची गरजच नाही. तिसऱ्यांदा मुदत मागणाऱ्याला ती नाकारा, खोटं शपथपत्र देणाऱ्यावर कारवाई करा आणि थकलेली पोटगी दिवाणी हुकूमनाम्यासारखी पगारातून, बँक खात्यातून वसूल करा. हे तिन्ही अधिकार न्यायालयांकडे आजच आहेत. उच्च न्यायालयाने ते वापरले जात आहेत की नाही, याचा प्रत्येक कौटुंबिक न्यायालयाकडून दर तिमाहीला हिशेब मागावा.