घर की वृद्धनिवास? आधी त्यांना विचारा

परिचयातील एका कुटुंबात गेल्या वर्षी एक बैठक झाली. ८२ वर्षांच्या आजी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या घरी आल्या होत्या. परंतु आधाराशिवाय उठणे त्यांना शक्य नव्हते. थोरला मुलगा अमेरिकेतून फोनवर, धाकटा मुलगा आणि सून घरात, मुलगी नाशिकहून आलेली. वृद्धनिवासाचे दरपत्रक पाहून झाले, ब्युरोतून येणाऱ्या बायकांच्या पगाराचा हिशेब झाला, ‘लोक काय म्हणतील’ यावरही खल झाला. पलीकडच्या खोलीत आजी जाग्या होत्या. त्यांना मात्र कोणी काही विचारले नाही.

हे कुटुंब निष्ठुर नव्हते. उलट प्रत्येकालाच त्यांची काळजी होती. तरीही जिच्या आयुष्याचा निर्णय होता, तीच त्या निर्णयातून वगळली गेली.

या विषयावर आपल्याकडे दोन ठरीव मते ऐकू येतात. वृद्धाश्रम म्हणजे संस्कारांचा पराभव, हे एक. आणि भावनेत न अडकता व्यवहार पाहावा, हे दुसरे. आपल्या परंपरेने वानप्रस्थाची कल्पना मांडली आहे. वानप्रस्थ हा ज्याने त्याने स्वतः स्वीकारायचा आश्रम होता. कोणी कोणाला तेथे ‘ठेवीत’ नसे. वास्तू कोणती यापेक्षा निर्णय कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

‘आम्ही आईला घरीच ठेवले आहे’ हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. पण त्या घरात तिचे कोण करते? एकत्र कुटुंबातील सेवा बहुतांशी स्त्रियांच्या कष्टांवर उभी होती. आज तोच भार एकट्या सुनेवर पडतो आणि तिला नोकरीही सांभाळायची असते. बारा-बारा तासांच्या पाळीने दोन बायका ठेवल्या, तरी एक गावी गेली की घडी विस्कटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वरचेवर कूस बदलून द्यावी लागते. तसे झाले नाही तर शय्याव्रण होतात. हे शिकून घ्यावे लागते. केवळ मायेने जमत नाही. घरी ठेवणे आणि सांभाळणे यांत अंतर आहे.

बुद्धी शाबूत असेल, मदत ठरावीक कामांपुरतीच लागत असेल आणि घरात माणसे असतील, तर घरासारखे स्थान नाही. न्हाणीघरात आधाराच्या दांड्या, न घसरणारी फरशी, रात्री मंद दिवा एवढ्यानेही बरेच साधते. परंतु स्मृतिभ्रंशामुळे रात्री-अपरात्री घराबाहेर पडणारे आजोबा, किंवा उद्वाहन नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या अडकलेल्या आजी यांच्यासाठी चांगला वृद्धनिवास अधिक सुरक्षित ठरू शकतो. तो निवडताना बगीचा पाहून भुलू नये. रात्री किती माणसे कामावर असतात? रहिवासी अंथरुणाला खिळला तर तेथेच ठेवतात की घेऊन जा म्हणतात? अनामत रक्कम कोणत्या अटींवर परत मिळते? हे लेखी घ्यावे. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने २०२४ साली दारांची रुंदी, उतार, उद्वाहन यांविषयी निकष घालून दिले, हे स्वागतार्हच. पण रात्री हाकेला ‘ओ’ देणारा माणूस इमारतीच्या निकषांतून मिळत नाही.

पैशाचाही विचार वेळीच व्हावा. आयुष्मान भारत योजनेतून २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. मात्र घरी येणाऱ्या सेविकेचा पगार त्यात बसत नाही. म्हणूनच राहते घर मुलांच्या नावे करण्याची घाई नको. करायचेच असेल तर सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. ती अट मोडल्यास हस्तांतर रद्द करण्याची तरतूद २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. अर्थात, कायद्याने पोटगी मिळवता येते. शेजारी बसून बोलणारे माणूस मिळत नाही.

त्या आजींना अखेर नातीने विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, “सुनेने माझ्यासाठी नोकरी सोडायची नाही. महिनाभर तिकडे राहून बघते, मग मीच सांगेन.” महिन्यानंतर त्यांनी तेथेच राहायचे ठरवले, अट एकच, रविवारचे जेवण घरी. ती अट आजवर चुकलेली नाही. दुसऱ्या एखाद्या आजीने घर निवडले असते, तर तोही निर्णय तितकाच योग्य ठरला असता.

आपल्याही वस्तीत अशी घरे आहेत. आठवड्यातून दोन तास एखाद्या आजोबांपाशी बसावे, म्हणजे त्यांचे करणाऱ्या सुनेला किंवा मुलाला घराबाहेर पडता येईल. आणि आपल्या घरी, आई-वडील हिंडते-फिरते आहेत तोवरच, हा विषय त्यांच्यासमोर काढावा. खुब्याचे हाड मोडण्याची वाट पाहू नये.