सोरायसिसच्या रुग्णाचा रक्तदाब कोण मोजणार?

कोपर, गुडघे आणि डोक्याच्या त्वचेवर लालसर चट्टे, त्यांवर चंदेरी पापुद्रे. सोरायसिसची ओळख बहुतेकांना एवढीच असते. चट्टे उठले की रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो, मलम मिळते, चट्टे कमी होतात आणि काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. अशा फेऱ्या वर्षानुवर्षे चालतात. या फेऱ्यांत रुग्णाच्या दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा किती वेळा बांधला जातो? कमरेचा घेर, रक्तातील साखर, सकाळी बोटे आखडतात का, झोप लागते का, याची विचारपूस किती वेळा होते? गेल्या दोन दशकांतील संशोधन पाहिले, तर ही विचारपूस सोरायसिसच्या उपचाराचाच भाग ठरते. दवाखान्यांच्या रोजच्या व्यवहारात मात्र ती क्वचितच दिसते.

हा आजार समजून घ्यायला वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. एकोणिसाव्या शतकापर्यंत सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत होत असे. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये दोन्ही स्पष्टपणे वेगळे केले. त्यानंतरही दीर्घकाळ सोरायसिस हा त्वचेच्या पेशींचाच बिघाड मानला गेला. निरोगी त्वचेत तळाची पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हा प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो, म्हणून पापुद्र्यांचे थर साचतात. ही घाई नेमकी कोण करवते, याचा धागा १९७९ मध्ये जवळजवळ अपघातानेच हाती लागला. सोरायसिससोबत संधिवात असलेल्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले गेले आणि त्यांचे चट्टेही निवळले. मूळ गडबड प्रतिकार यंत्रणेत आहे, हे त्यातून पुढे आले. टीएनएफ, इंटरल्युकिन-१७, इंटरल्युकिन-२३ हे दाह पेटवणारे निरोप्ये नंतर ओळखले गेले. त्यांना अडवणारी जैविक औषधे आज अनेकांची त्वचा जवळजवळ स्वच्छ करतात.

पण प्रतिकार यंत्रणा त्वचेपुरती नसते. दाह पेटवणारे हे निरोप्ये रक्तातून सर्वत्र फिरतात आणि त्यांच्या खुणा इतर अवयवांत सापडतात.

सर्वांत उघड खूण सांध्यांत दिसते. वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांनुसार सोरायसिस असलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना सोरायटिक संधिवात होतो. बहुतेकांच्या बाबतीत त्वचेवरचे चट्टे आधी येतात आणि सांधे काही वर्षांनी दुखू लागतात. म्हणजे धोक्यात कोण आहे, हे डॉक्टरांना आधीच माहीत असते. असा आगाऊ इशारा फार थोड्या आजारांत मिळतो, तरीही तो वाया जातो. टाच दुखली की दोष चपलेला दिला जातो, बोटे सुजली की कामाला आणि कंबर आखडली की वयाला. या संधिवाताच्या निदानाला सहा महिने उशीर झाला तरी सांध्यांची झीज आणि पुढे येणारे अपंगत्व वाढलेले दिसते, असे आयर्लंडमधील एका अभ्यासात आढळले आहे.

हा उशीर टाळण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ब्रिटनमध्ये तयार झालेली पाच प्रश्नांची एक सोपी चाचणी आहे. एखादा सांधा कधी सुजला होता का? संधिवात असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का? नखांवर बारीक खड्डे आहेत का? टाच दुखली आहे का? हातापायाचे एखादे बोट कारण नसताना पूर्ण सुजून दुखले आहे का? तीन किंवा अधिक उत्तरे ‘हो’ असतील, तर संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावे, एवढाच तिचा नियम. नंबर येण्याची वाट पाहत बसलेला रुग्ण मराठीत छापलेला असा कागद दोन मिनिटांत भरू शकतो.

दुसरी खूण हृदयात आहे आणि ती दिसत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या. त्यात सोरायसिसचे सुमारे १ लाख ३० हजार रुग्ण होते. तुलनेसाठी हा आजार नसलेले साडेपाच लाखांहून अधिक लोक घेतले होते. वय, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि वजन यांचा हिशेब धरूनही सोरायसिस असलेल्यांत हृदयविकाराच्या झटक्याची जोखीम अधिक निघाली. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतील व्यक्तीत ती तिप्पट होती, साठीतील व्यक्तीत सुमारे एकतृतीयांशाने अधिक. सौम्य आजारात हा फरक बराच कमी होता.

या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. तिशीत हृदयविकाराचा झटका मुळातच विरळा असतो, त्यामुळे तिप्पट जोखीमही प्रत्यक्षात छोटीच राहते. मात्र त्यांतून दोन गोष्टी कळतात. दाह जितका तीव्र आणि व्यक्ती जितकी तरुण, तितका सोरायसिसचा वाटा ठळक दिसतो. आणि तिशीत दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब पन्नाशीत हिशेब मागतो. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांनी २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत सोरायसिसला हृदयाची जोखीम वाढवणाऱ्या घटकांच्या यादीत स्थान दिले. पुढच्याच वर्षी तेथील त्वचारोगतज्ज्ञांनीही सोरायसिससोबत येणाऱ्या आजारांवर स्वतंत्र सूचना प्रसिद्ध केल्या.

भारतातील अडचण नेमकी इथे सुरू होते. रक्तदाब आणि मधुमेहाची सरकारी तपासणी मोहीम ३० वर्षांवरील लोकांसाठी आहे. आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन ज्यांचे अर्ज भरून घेतात, तेही तिशी ओलांडलेले असतात. सोरायसिस मात्र अनेकांना विशीतच गाठतो. बाविसाव्या वर्षी अंगभर चट्टे उठलेला तरुण या मोहिमेच्या यादीत येत नाही आणि त्वचारोगाच्या दवाखान्यात त्याच्या रक्तदाबाची चौकशी होत नाही. ज्या वयात जोखमीची चाहूल सर्वांत स्पष्ट असते, त्याच वयात तो दोन्ही जाळ्यांतून निसटतो. सोरायसिसचे निदान झालेल्यांसाठी तिशीची ही अट शिथिल करणे हा कागदावरचा छोटा बदल आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही की नवा विभाग उघडावा लागत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे होत नाही. सोरायसिसच्या रुग्णांत लठ्ठपणा, मधुमेह, यकृतात चरबी साचणे, तंबाखूचे व्यसन हे सारे अधिक आढळते. चट्ट्यांच्या लाजेने माणूस व्यायामशाळेत जात नाही, पोहायला उतरत नाही आणि वजन वाढते. मग दोष दाहाचा की दिनक्रमाचा? शिवाय दाह शमवला की हृदय वाचते, हेही सरळपणे सिद्ध झालेले नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजार लोकांवरील २०१७ च्या चाचणीत दाह रोखणाऱ्या एका औषधाने पुढचे झटके काही प्रमाणात कमी केले. सोरायसिसमध्ये सर्रास वापरले जाणारे मेथोट्रेक्झेट मात्र हृदयरुग्णांवरील तशाच मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले. या दोन्ही चाचण्या सोरायसिसच्या रुग्णांवर झालेल्या नव्हत्या. तेव्हा ‘हे इंजेक्शन घ्या, हृदयही सुरक्षित राहील’ असे आज कोणी सांगत असेल, तर ते पुराव्याच्या पुढे धावणे आहे.

पण या अनिश्चिततेमुळे तपासणीची गरज कमी होत नाही. नव्या औषधाने हृदय वाचते की नाही, याचे उत्तर येईपर्यंत रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे व तंबाखू सोडणे यांनी हृदय वाचते, हे पक्के ठाऊक आहे. जास्त वजन असलेल्यांनी ते घटवल्यास चट्ट्यांनाही उतार पडू शकतो. जोखीम दाहातून आली की दिनक्रमातून, याचा वाद संशोधक सोडवतील. रुग्णासाठी पहिला उपाय दोन्ही बाबतींत एकच आहे.

तपासणीचा संबंध औषधांच्या निवडीशीही आहे. मेथोट्रेक्झेट स्वस्त आणि उपयोगी आहे, पण ज्याच्या यकृतात आधीच चरबी आहे किंवा जो नियमित मद्यपान करतो, त्याला ते देताना सांभाळावे लागते. ते बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जीवावर बेतते, म्हणून वार लिहून देणे हाही उपचारच आहे. टीएनएफ रोखणाऱ्या औषधांमुळे सुप्त क्षयरोग जागा होऊ शकतो. क्षयरोगाचे एवढे रुग्ण असलेल्या देशात आधी त्याची तपासणी टाळणे परवडणारे नाही.

सर्वांत मोठी गळती मात्र दवाखान्याच्या बाहेर आहे. चट्ट्याला गजकर्ण किंवा नायटा समजून औषधाच्या दुकानातून परस्पर स्टिरॉइडचे मलम आणले जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती सहज मिळतात. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन ती अचानक थांबवल्यास सोरायसिस उसळतो, कधी अंगभर पू भरलेल्या पुळ्या येतात. परस्पर उपचार करणाऱ्या या रुग्णाचा रक्तदाब मोजायला तर कोणीच नसते.

आणि मनाचे काय? सोरायसिस संसर्गजन्य नाही. तो स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका पाण्यात पोहल्याने पसरत नाही. तरीही केशकर्तनालयात कपाळाला आठ्या पडतात, शेजारची खुर्ची रिकामी राहते, लग्नाच्या बोलणीत आजार लपवला जातो. या रुग्णांत नैराश्य अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ‘मन कसे आहे?’ हा प्रश्न विचारायला मनोविकारतज्ज्ञच असावे लागत नाही. उत्तर काळजीचे वाटले, तर पुढे कुठे पाठवायचे एवढे माहीत असावे लागते.

सरकारी रुग्णालयातील त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात, ही वस्तुस्थिती आहे. पण रक्तदाब आणि कमरेचा घेर मोजायला तज्ज्ञ लागत नाही, परिचारिका पुरेशी असते. भारतीयांसाठी घेराची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरली जाते. साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी ठरावीक काळाने, पाच प्रश्नांचा कागद आणि मनाची चौकशी, एवढे केस पेपरवर छापील चौकटीत आले तरी बरेच साधेल. सौम्य चट्टे असलेल्या प्रत्येकाला हृदयाच्या महागड्या चाचण्यांना जुंपण्याची गरज नाही. तसे करणे ही नवी लूट ठरेल.

जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ मध्येच ठराव करून सोरायसिस हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायी आणि अपंगत्व आणणारा आजार असल्याचे मान्य केले. दरवर्षी २९ ऑक्टोबरला सोरायसिस दिन पाळला जातो, शिबिरे होतात, मलमांचे नमुने वाटले जातात. यंदाच्या शिबिरात मलमाच्या टेबलाशेजारी रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि कापडी टेप ठेवला, तर त्या ठरावाचा अर्थ निदान एका रांगेतल्या माणसांपर्यंत पोहोचेल. तोपर्यंत रुग्णानेच पुढच्या भेटीत बाही वर सरकवावी. चट्टा दाखवून झाला की दंडही पुढे करावा.